मोहरीच्या वतीनं

चार माणसं बोलत असताना पाचवा न विचारता मध्ये पडला, तर मराठीत तो नाक खुपसतो. जर्मन माणूस त्याच प्रसंगी आपली मोहरी घालतो. 'याला इथे आपली मोहरी घालायची काय गरज होती?' असं तिकडे सर्रास म्हणतात. ही मोहरी आपल्या फोडणीच्या पळीतली नव्हे. वाटून, पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये कालवून, बरणीत मुरवलेली आणि सॉसेजला लावून खायची ती ही मोहरी. तिला ते 'झेन्फ' म्हणतात. वाक्प्रचाराचा उगम असा सांगतात, की सतराव्या शतकात मोहरी ही अपूर्वाईची चीज होती आणि आपली खानावळ भारदस्त वाटावी म्हणून खानावळवाले ती दिसेल त्या पदार्थाबरोबर वाढायचे, मग ती त्याला शोभो वा न शोभो. म्हणजे आगाऊपणा खानावळवाल्याचा आणि नाव लागलं मोहरीला. माझं म्हणणं असं, की हा आरोप साफ खोटा आहे. न मागता दिलेल्या मताशी सर्वांत कमी साम्य असलेला पदार्थ शोधायचा झाला, तर तो जर्मन मोहरीच निघेल. ज्याला हे पटत नसेल त्यानं ती एकदा घरी करावी. निदान करताना काय काय घडतं ते तरी नीट ऐकून घ्यावं.

आधी एक कबूल केलं पाहिजे, की जर्मन भाषेनं एकट्या मोहरीवरच डूख धरलेला नाही. 'मला त्याचं काही सोयरसुतक नाही' हे सांगायला जर्मन माणूस 'मला ते सॉसेज आहे' असं म्हणतो. फुरंगटून बसलेल्या माणसाला 'रुसलेलं कलेजीचं सॉसेज' म्हणतात. मूर्खासारखं बोलणं म्हणजे 'क्वार्क', आणि क्वार्क हा आपल्या चक्क्याचा तिकडचा चुलतभाऊ. तेव्हा उदासीनता, रुसवा, बाष्कळपणा आणि लुडबुड असे चारही पदार्थ एका ताटात आले, की जेवण कमी आणि गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा जास्त वाटते. आपणही फार सोवळे नाही. दीड-दोन मिलिमीटरच्या दाण्यावर पर्वत उभारल्याचा आळ आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. पर्वत करणारा माणूस वेगळाच असतो, पण म्हणीत राहते ती राई. दृष्ट लागते माणसाची, आणि निखाऱ्यावर पडतात मीठ-मोहऱ्या. एवढा लहान जीव आणि दोन-दोन भाषांत आरोपी! अशा वेळी कोणीतरी वकीलपत्र घ्यायला हवं.

पहिला पुरावा खलबत्त्यातला. मोहरीचे चार अख्खे दाणे पाण्याबरोबर गिळले तर काहीही होत नाही. दाणे कोरडेच कुटले तर पिवळट करडी पूड होते. तिच्यावर नाक टेकवलं तरी ती शेंगदाण्याच्या कुटाइतकीही बोलत नाही. आता तीत दोन चमचे गार पाणी घालून ढवळा. पहिल्या मिनिटाला वाटीत थालीपिठाचं सैल पीठ असावं असं दिसतं. मग कडेनं बारीक बुडबुडे येतात, रंग जरा उजळतो आणि वाटीवर वाकलेला माणूस एकदम मान मागे घेतो. डोळ्यांच्या कोपऱ्यांत पाणी, नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत झिणझिण्या. हे आलं कुठून? दाण्यात तिखटपणा तयार नसतोच. असतात ती दोन द्रव्यं, एकाच वाड्यात भिंत घालून राहणाऱ्या भाऊबंदांसारखी वेगवेगळ्या पेशींत: एकीकडे ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं आणि पलीकडे मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा फुटला, मधली भिंत पडली आणि वर पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि त्यातून झोंबणारं तेल जन्माला येतं. काळ्या-तपकिरी मोहरीतलं तेल उडून जाणारं, म्हणून ते थेट नाकात चढतं. पिवळ्या मोहरीतलं फारसं उडत नाही, ते जिभेवरच ठाण मांडतं. शास्त्रज्ञ या व्यवस्थेला मोहरी-तेलाचा बॉम्ब म्हणतात, कारण किड्यानं चावा घेतला की तो फुटतो. (कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराची अळी हा बॉम्ब पचवून पुढचं पान खायला घेते, आणि तिची आई अंडी कुठे घालायची हे याच द्रव्यांच्या खुणेनं ठरवते. सुरक्षाव्यवस्थेचं जगात सगळीकडे हेच होतं.) मुद्दा असा, की मोहरी स्वतःहून काहीही म्हणत नाही. तिला आधी कुटावं लागतं, मग पाणी पाजावं लागतं, मग थांबावं लागतं. लुडबुड्या माणसाच्या बाबतीत यातलं काहीही करावं लागत नाही. तो अख्खाच झोंबतो.

दुसरा पुरावा पाण्याच्या तपमानाचा. गार पाण्यात कालवलेली मोहरी तिखट होते आणि उकळत्या पाण्यात कालवलेली मवाळ, कारण उष्णतेनं ते विकर मरतं आणि मग भाऊबंदांपैकी एकच उरल्यावर भांडण होणार कसं? आपल्या फोडणीत हेच टोकाला जातं. तापल्या तेलात पडलेली मोहरी तडतडते, उड्या मारते, ओट्यावर आणि मनगटावर येऊन पडते. पण ती सगळी आदळआपट दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन बाहेर पडण्याची. झणक्याच्या नावानं शून्य. उरतो तो खमंगपणा, आणि त्यावर कुणाचाच आक्षेप नाही. उलट वाटीतल्या गार मोहरीचा झणका चढत असतो तेव्हा चिमटीएवढाही आवाज होत नाही. मध्येच बोलणाऱ्याची उपमा द्यायचीच होती, तर ती फोडणीतल्या मोहरीची द्यायची. पण जर्मनांना फोडणी ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या गरीब प्राण्याला धरलं.

इथे मराठी स्वयंपाकघरातून हरकत येणार हे उघड आहे. 'गार पाण्याचं एवढं काय कौतुक सांगताय? ही तर आमची फेसलेली मोहरी!' हरकत निम्मी मान्य. पाट्यावर थोडंथोडं पाणी घालत मोहरी पांढुरकी होऊन फेस धरेपर्यंत वाटायची, नाकाला झोंबली की हात थांबवायचा आणि ती कोशिंबिरीत, भरितात किंवा लोणच्यात घालायची, ही विद्या आपल्याकडे विकराचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. 'फेसणे' असं स्वतंत्र क्रियापद मोहरीसाठी राखून ठेवणारी भाषा त्या बाबतीत अडाणी असूच शकत नाही. पण कोशिंबिरीतली फेसलेली मोहरी त्याच पंगतीला संपवायची असते. ती तशीच उघडी ठेवली तर काही तासांत तिचा सारा त्वेष उडून जातो आणि मागे कडवट लगदा राहतो. लोणच्यात ती टिकते ती कैरीच्या किंवा लिंबाच्या आंबटपणामुळे. जर्मनांनी तेवढा आंबटपणाचा धागा पकडला आणि लोणच्यातून फोड वजा करून नुसता खारच पदार्थ म्हणून बरणीत भरला, असं म्हणायला हरकत नाही.

हा आंबटपणा म्हणजे व्हिनेगर, आणि सगळी करामत ते कधी घालायचं यात आहे. आम्ल पडलं की विकराचं काम मंदावतं आणि तोवर तयार झालेला झणका टिकून राहतो. म्हणून पूड थेट व्हिनेगरमध्ये कालवली तर मोहरी मुळात तिखट व्हायचीच राहते. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग घातलं तर भांडण ऐन रंगात असताना गोठतं. तासन्‌तास विसरलात तर गोठवायला काही उरतच नाही. आता निःपक्षपातीपणे सांगा, दोघांचं चाललेलं असताना मध्येच येऊन, कुणी न बोलावता, विषयच बदलून टाकणारं इथे कोण आहे? व्हिनेगर! वाक्प्रचार 'आपलं व्हिनेगर घालणे' असा हवा होता. खरा आरोपी पुराव्यासकट हाती असताना तीनेकशे वर्षं भलत्यालाच कोठडीत ठेवलं आहे.

प्रमाण हवंच असेल तर घ्या. जर्मनांचा रोजचा प्रकार 'मिटलशार्फ', म्हणजे मध्यम झणक्याचा. त्यासाठी ७० ग्रॅम पिवळी आणि ३० ग्रॅम तपकिरी मोहरी दळून घ्यावी, पण मिक्सर सलग फिरवू नये. भांडं तापलं की उडून जाणारं तेल खरोखरच उडून जातं. (आयफेलच्या डोंगराळ भागातल्या मोन्शाऊ गावात १८८२पासूनची मोहरीची गिरणी आहे. दगडी जात्यावर सावकाश दळण्याचं मर्म हेच.) पुडीत १०० मिलिलिटर गार पाणी, दहा मिनिटांनी ५ टक्के आम्लतेचं ८० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर, चहाचा एक सपाट चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि रंगापुरती हळद. हळदीला आपला वशिला लागला असं समजू नये, जर्मन लोकही ती घालतात. कालवल्यावर हे पळीवाढं दिसतं आणि नवशिका घाबरून आणखी पूड घालतो. घालू नये. पिवळ्या मोहरीच्या सालीत बुळबुळीत द्रव्य असतं, ते रात्रभरात फुगतं आणि सकाळी चमचा उभा राहण्याची पाळी येते.

आणि मग येते ती चव. नवी मोहरी कडू असते. साधीसुधी कडू नव्हे, काढ्याला मागे टाकेल अशी. बहुतेकांचा हा प्रयोग इथेच मोरीत जातो. पण मोहरी चुकलेली नसते, ती फक्त मुरलेली नसते. झाकण घट्ट लावून गार जागी आठवडा-दोन आठवडे ठेवली, की कडवटपणा ओसरतो, आंबटपणाच्या कडा झिजतात, झणका पुढून मागे सरकतो. इंग्रजीतल्या पाककृती वाचताना या अवस्थेला धड शब्द सापडत नाही. मराठीत 'मुरणे' आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि राजकारणी माणूसही मुरतो. चिनीमातीच्या बरणीला दादरा बांधून ती फडताळात ठेवण्याची सवय असलेल्या घराला जर्मन मोहरीतला हा अवघड भाग शिकवावाच लागत नाही. आता मूळ आरोपाकडे या. मध्ये पडणारा माणूस आपलं मत कोणत्या अवस्थेत वाढतो? कडू असताना, पहिल्याच मिनिटाला, भांडं धुवायच्या आत. पंधरा दिवस झाकण लावून ठेवलेलं मत घेऊन कोणी चहाच्या टपरीवर आल्याची नोंद नाही.

व्यवहारी माणसाची हरकत निराळी असते. जर्मनीत कुठल्याही दुकानात मोहरीची बरणी पावापेक्षा स्वस्त मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? शिवाय कारखान्यातली मोहरी तर दिवसाला कितीतरी बरण्या भरते, तिथे कुठला संयम? याला इतिहासात उत्तर आहे. जर्मनीतला पहिला मोहरीचा कारखाना ड्यूसेलडॉर्फला १७२६ साली निघाला, आणि ते शहर आजही झणझणीत मोहरीसाठीच ओळखलं जातं. 'लोवेनझेन्फ' म्हणजे सिंहछाप मोहरी, ती १९०३ साली मेट्झ गावात सुरू झाली. मेट्झ तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे गेलं, आणि १९२० साली सिंहानं आपलं बिऱ्हाड ड्यूसेलडॉर्फला हलवलं. सरहद्द सरकली, साम्राज्य गेलं, मोहरी फक्त पत्ता बदलून तितकीच तिखट राहिली. एवढ्या उलथापालथीत जिनं स्वतःचं काही मत दिलं नाही, तिला लुडबुडी म्हणणं कठीण आहे. दुकानातली बरणी वाईट नसतेच. फक्त भांडण कधी थांबवायचं हे तीत दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. घरी ते मनगटावरच्या घड्याळानुसार ठरतं, आणि सहाव्या मिनिटाची मोहरी आणि चौदाव्या मिनिटाची मोहरी या दोन वेगळ्या मोहऱ्या असतात. घरी करण्याचं माझ्या मते एवढंच कारण पुरेसं आहे. पैशांचा हिशेब मांडला तर मी हरेन, म्हणून मांडत नाही.

सर्वांत चिवट हरकत बव्हेरियातून येते. तिथली मोहरी गोड! जाडसर दळलेली, गुळासारख्या तपकिरी रंगाची, साखरेनं ओथंबलेली. तिला मोहरी म्हणायचं तरी का, असा उत्तरेकडच्या कडव्या लोकांचा सवाल असतो. योहान कॉनराड डेव्हेलाय या गृहस्थांनी ती १८५४ साली म्युनिकमध्ये प्रथम केली. साखर, मसाले, व्हिनेगर आणि पाणी उकळून ते गरमागरम मोहरीच्या पुडीवर ओतायचं, ही त्यामागची रीत. उकळतं पाणी पडलं की काय होतं हे आपण पाहिलंच: विकर निवर्ततं आणि मागे राहतो गोडसर, सौम्य, लवंगेच्या वासाचा लगदा. ही मोहरी वाइसवुर्स्ट नावाच्या पांढऱ्या सॉसेजबरोबर खातात, आणि त्याच्याशी तिखट मोहरी मागणाऱ्याकडे म्युनिकमध्ये जसं पाहतात, तसं आपल्याकडे पुरणपोळीवर सॉस मागणाऱ्याकडे पाहतील. पण तारखा जुळवून पाहा. वाइसवुर्स्टचा जन्म, म्युनिकच्या लाडक्या आख्यायिकेनुसार, २२ फेब्रुवारी १८५७चा. म्हणजे मोहरी तीन वर्षं आधीच येऊन बसलेली होती आणि सॉसेज मागून आलं. ताटात मध्येच कोण घुसलं, हे आता मी सांगायला नको.

गोड आणि तिखट यांच्या मधला धागा पूर्वेकडे सापडतो. साक्सनीतल्या बाउत्सेन गावची मध्यम मोहरी १९५३पासून पूर्व जर्मनीत घरोघर होती. १९९० साली दोन जर्मनी एक झाल्या तेव्हा पूर्वेकडचे कितीतरी माल पश्चिमेच्या चकचकीत वेष्टनांपुढे दुकानांतून नाहीसे झाले. बाउत्सेनची मोहरी तगली. १९९२ साली ती विकत घेतली कोणी, तर गोड मोहरीवाल्या डेव्हेलाय कंपनीनं. आपली चव पूर्वेवर लादायची चालून आलेली संधी साधून तिखटात साखर ओतावी, एवढं तरी मालकानं करायचं! तसं काही झालं नाही. बाउत्सेनवाली मध्यम राहिली, म्युनिकवाली गोड राहिली. एकत्र कुटुंबात सुनेच्या आमटीतल्या गुळावर बोलल्याशिवाय घास न उतरणाऱ्या मंडळींनी हा दाखला अवश्य पाहावा.

आता एक बारीक शंका उरते, की या सगळ्यात जर्मन ते काय? कारण दाणा बहुतांशी परका. जर्मनीला लागणारी मोहरी मुख्यतः बाहेरून येते. रशिया, युक्रेन, कॅनडा. गंमत अशी, की जर्मन शेतकरी पिवळी मोहरी ढिगानं पेरतात. सुगी झाली की मोकळ्या रानात शरदातली पिवळी फुलं डोलताना दिसतात, आणि दाणा धरायच्या आत ती नांगरून मातीत गाडली जातात, हिरवळीचं खत म्हणून. शेतातली मोहरी जमिनीला आणि सॉसेजची मोहरी बोटीतून. शब्दही उसना: 'झेन्फ' लॅटिनवरून आलेला, आणि बर्लिनकडचे जुने लोक वापरतात तो 'मोस्ट्रिश' हा शब्द द्राक्षांच्या ताज्या रसावरून, कारण एके काळी मोहरी त्या रसात कालवत. तेव्हा दाणा बाहेरचा, शब्द बाहेरचा, हळद तर आपलीच. जर्मन म्हणायचं ते फक्त पाणी घातल्यावर घड्याळाकडे पाहत उभं राहण्याला.

मोहरीच्या विरोधात शेवटचा युक्तिवाद असा करता येईल, की काही झालं तरी ती नाकात जातेच ना? नाकात जाणं म्हणजे नाक खुपसण्याचीच उलटी बाजू. पण ती जाते कधी, हे पाहायला हवं. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड यांना डावी बाजू दिलेली असते. हे सारं 'तोंडी लावणं'. भात-वरण आपणहून चटणीकडे जातं. चटणी उठून भातात गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही. जर्मन ताटातही मोहरी अशीच कडेला, लहानशा वाटीत किंवा बशीच्या काठावर एका टिपक्याएवढी. म्युनिकमध्ये वाइसवुर्स्ट गरम पाण्याच्या भांड्यातून टेबलावर येतं, सोबत खारा ब्रेत्सेल आणि गव्हाची बिअर. शीतकपाटं नव्हती तेव्हापासूनचा दंडक असा, की या सॉसेजनं दुपारी बाराची घंटा ऐकता कामा नये. त्यामुळे अकरा वाजून गेल्यावर घाई उडते. साली सोलल्या जातात, कोणी आत तोंड लावून ओढून घेतं, सगळे एकाच वेळी बोलत असतात. बाराचे ठोके पडतात तेव्हा बशीत रिकाम्या साली आणि ब्रेत्सेलवरचं मीठ पडलेलं असतं. मोहरीची वाटी शेवटपर्यंत जिथे ठेवली होती तिथेच असते, अर्धी भरलेली.